एका हंगामाचा उसना

१९८७ सालचा मार्च महिना. होळी होऊन चार दिवस झाले होते, ऊन नुकतं तापायला लागलं होतं आणि ख्रिस्ती वस्तीत उपासकाळ चालू होता. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला इग्नास दुशिंग मला उसना घेऊन गेला. एका हंगामासाठी.

मी विटा पाडायचा साचा बोलतोय. मला बोलायची सवय नाही. चिखल पोटात घ्यायचा आणि वीट बाहेर टाकायची, एवढंच माझं काम. पण इग्नासशेठ गेल्यापासून गावात जो तो त्याचे गुण गातो आहे. देवमाणूस होता, बायकापोरांना जीव लावणारा होता, धंद्यात नेक होता. गाऊ द्या. मी त्याच्या घरात अडतीस वर्षं काढली. मलाही थोडं सांगायचं आहे, आणि ते गोड नाही.

माझा जन्म १९४९ सालचा. पिंपळटाक हे आमचं गाव प्रवरेच्या काठी. त्या वर्षी मिशननं तिथं पक्कं चर्च बांधायला घेतलं. गोऱ्या फादरनी कागदावर विटेचं माप काढून दिलं. बाजारच्या विटेपेक्षा बोटभर लांब आणि बोटभर रुंद. छगन सुतारानं सागाच्या फळ्या तासून मला जोडलं, तळ बसवला, कडांना लोखंडी पट्टी ठोकली. त्या मापाचा दुसरा साचा पंचक्रोशीत नव्हता. आजही नाही.

मला पहिल्यांदा हातात धरलं ते गोरक्ष कुंभारानं. साच्याला माणसाचा स्वभाव हातावरून कळतो. आळशी माणूस चिखल नुसता सोडतो, मग कोपरे रिकामे राहतात. गोरक्ष गोळा डोक्यावर उचलून असा मारायचा की चारही कोपरे एकदम भरायचे. वरचा चिखल पट्टीनं सारखा केला, मला उलटं केलं, हलकेच उचललं, की वीट जमिनीवर सरळ बसायची. चर्च उभं राहिलं तेव्हा फादरनी त्याला बोलावलं आणि सांगितलं, “हा साचा आता तुझा.” माझ्या बाबतीत कागद झाला तो एवढाच. तोंडी.

गोरक्षनं माझ्याच विटांनी कुंभारगल्लीत आपलं घर बांधलं. दर उन्हाळ्यात छोटी भट्टी लावायचा, गावाला विटा पुरवायचा. तो गेल्यावर मी त्याच्या पोराकडे आलो. रंगनाथकडे. हात बापाचाच होता. बोलणं बापापेक्षा कमी.

१९८६च्या पावसाळ्यात चर्चची नदीकडची भिंत खचली. ती पुन्हा बांधायची तर वीट त्याच मापाची हवी, नाहीतर जुन्या भिंतीशी सांधा जुळणार नाही. तेव्हाच्या फादरनी ही गोष्ट इग्नासला सांगितली. इग्नास तिशीतला होता, जुना टेम्पो चालवायचा, वाळू वाहायचा, आणि चर्चमधली रोजची उपासना, मिस्सा, एकही दिवस चुकवायचा नाही. फादर म्हणाले, ते माप कुठं मिळतं का बघ, बारा हजार विटा लागतील. इग्नासला शोधायची गरज नव्हती. तो आणि रंगनाथ चौथीपर्यंत एका फळीवर बसले होते.

तर तो आला. रंगनाथ अंगणात गाढवाच्या पाठीवरचं पालाण शिवत होता.

“रंग्या, गोरक्षमामांचा साचा हाय ना अजून?”

“हाय की. का रं इग्न्या?”

“फादरला नमुना दावायचाय. चार विटा पाडून बघतो.”

“चार विटांसाठी साचा कशाला नेतो? मीच देतो पाडून.”

“तुला कशाला तरास. एक हंगाम दे. हंगाम सरला की मी सोता आनून देतो. देवमातेची आन.”

रंगनाथची बायको चांगुणा दारात गहू निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “आवो, चार विटांच्या नमुन्याला अख्खा हंगाम लागतो व्हय?”

दोघं हसले. रंगनाथनं मला फडक्यानं पुसलं आणि इग्नासच्या हातात दिलं. चांगुणेचा प्रश्न बरोबर होता. बारा हजार विटांचं काम इग्नासनं आदल्या रविवारीच पत्करलं होतं.

घरी त्यानं मला चुलीजवळ टेकवून ठेवलं. त्याची बायको विजयमाला चहा करत होती. नवी नवरी होती, दुसऱ्या वर्षातली. तिनं विचारलं, “हे कुणाचं?”

“रंग्याचं. उसनं आनलंय.”

“कधी द्यायचं?”

“हंगाम सरला की.”

माझ्या मालकाचं नाव त्या घरात मी ऐकलं ते त्या दिवशी. मग फार वर्षं ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी नदीकाठी भट्टीची जागा साफ झाली. रंगनाथला बातमी लागली. तो आला तेव्हा इग्नास मजुरांना चिखल कसा मळायचा ते सांगत होता, आणि चुकीचं सांगत होता.

“बारा हजार? तू तर चार म्हनला हुतास.”

“वाढलं काम. तू ये की. तुझ्याइतका हात कुनाला हाय? हजारी मजुरी दुसऱ्यांपेक्षा वर दीन.”

रंगनाथनं मनात हिशेब केला. चांगुणेचे दिवस भरत आले होते. मी हाताशी नाही म्हणजे फादरचं काम नाही, आणि बाजारच्या विटेत मोठ्या भट्टीवाल्यांपुढं त्याचा टिकाव नव्हता. त्यानं धोतर वर खोचलं आणि चिखलात पाय घातला. इग्नासनं मला उचलून त्याच्या हातात दिलं. माझ्या मालकाला माझ्यावर मजुरी करताना मी पाहिलं. तेव्हापासून तो इग्नासला इग्न्या म्हणाला नाही. शेठ म्हणायला लागला.

विटा उत्तम आल्या. येणारच. भिंत उभी राहिली, फादर खूश झाले, आणि त्या एका कामावरून इग्नासला मिशनची पुढची कामं मिळत गेली. शाळेची खोली, सिस्टरांचं घर, वसतिगृह. टेम्पोवाला इग्नास भट्टीवाला इग्नासशेठ झाला.

पहिलंच काम पुरं झाल्यावर त्यानं एक गोष्ट केली. पत्र्याचा क्रूस कापून आणला आणि माझ्या तळाला चार खिळ्यांनी ठोकला, म्हणजे माझ्यातून पडणाऱ्या प्रत्येक विटेवर क्रूस उमटावा. फादरनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. इग्नासच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं. मी खोटं पाणी आणि खरं पाणी ओळखतो, माझा जन्म चिखलात गेला आहे.

ज्येष्ठ लागला, हंगाम संपला. रंगनाथ शेडमध्ये आला.

“शेठ, साचा न्यायचा म्हनत हुतो.”

“न्हे की. पन त्यात क्रूस बसवलाय रं आता. फादरनी पानी शिंपडलंय. तसा कुंभारगल्लीत कसा धाडू? तुज्या देवाजवळ ठेवशील का कोनाड्यात टाकशील?”

“क्रूस काढून घ्या.”

“क्रूस उपटू? माज्या हातानं?” इग्नासनं कानाला हात लावले. “दुसरा साचा करून देतो छगनकडनं. नवा कोरा.”

“दुसरा नको. बापाचा हाय त्यो.”

“मग पुढल्या हंगामाला बघू.”

रंगनाथ गेला. तो हिंदू माणूस, पण गावातल्या क्रूसाला त्यानं कधी पाय लावला नव्हता, आणि स्वतः उपटणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं. इग्नासनं तो क्रूस भक्तीनं ठोकला होता, याबद्दल माझं भांडण नाही. पण ठोकल्यावर त्याचं कुलूप झालं. हे इग्नासला लवकर कळलं, आणि कळल्यावर त्यानं किल्ली शोधली नाही.

आता लोक सांगतात ते गुणही सांगतो, नाहीतर म्हणाल साचा आकसानं बोलतो. आकस आहेच. तरी सांगतो.

संध्याकाळी सात वाजले की इग्नास कुठंही असो, घरी यायचा. बायको, मुलगी पंकजा, मुलगा कल्याण, सगळ्यांना घेऊन गुडघ्यावर बसायचा आणि जपमाळ म्हणायचा. पुढं मोबाईल आले तेव्हा ते एका टोपल्यात गोळा करून झाकून ठेवायचा. पाहुणा आला तर त्यालाही खाली बसावं लागे. दारू नाही, तंबाखू नाही. पोरांवर हात उचलला नाही. विजयमालाला “अहो” म्हणायचा, आणि गावातले गडी त्यावरून मागं हसायचे.

रविवारी भट्टी बंद. देवाचा दिवस म्हणून. चांगलं आहे. पण विटा पाडणाऱ्याची मजुरी हजारावर असते. वीट पडली नाही तर मजुरी नाही. इग्नासचा देव विश्रांती घ्यायचा आणि मजुरांच्या घरी रविवारी कालवण पातळ व्हायचं. एकदा भट्टीवर विटा रचायला येणारी चांगुणा त्याला म्हणाली, “शेठ, तुमच्या देवाला इचारा, आमाला सोमवारी दुप्पट हात देतो का म्हनून.” इग्नास हसला. तिला त्यानं नाताळात साडी पाठवली. रविवार तसाच राहिला.

आता संडासाची गोष्ट. ही कुणी मिस्सेत सांगत नाही.

१९९३ साली ग्रामपंचायतीनं आठवडे बाजाराच्या मैदानात सार्वजनिक संडास बांधला. ठेकेदारानं विटा इग्नासकडून घेतल्या. मिशनच्या कामाच्या उरलेल्या विटा होत्या, माझ्या मापाच्या, क्रूसवाल्या. मालाला उठाव नव्हता म्हणून इग्नासनं विकून टाकल्या. भिंती चढल्या, आणि गिलाव्याच्या वेळेला ठेकेदार नेहमीसारखा गायब झाला. विटाही त्यानं उभ्या रचल्या होत्या, छाप बाहेर ठेवून, कमी लागाव्यात म्हणून. गवंडीकामातली चोरी ती.

गुरुवारी बाजाराला गेलेला इग्नास पोट दुखायला लागलं म्हणून आत शिरला. दाराला कडी घालून बसला आणि समोर बघतो तर क्रूस. डोळ्यांसमोर दोन, डाव्या हाताला पाच, मागं किती ते देव जाणे. तो तसाच उठून बाहेर आला. पोट दुखायचं थांबलं होतं, असं रंगनाथ पुढं सांगायचा.

दुसऱ्या दिवशी इग्नासनं त्या संडासाला स्वतःचं कुलूप लावलं. शनिवारी सिमेंट, वाळू, थापी घेऊन गेला, सोबत रंगनाथ आणि दोन गडी. मला पाटीत घालून नेलं होतं, नेमक्या कुठल्या विटा ते ताडून बघायला, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. शेठ स्वतः आत बसून गिलावा करत होता. नाकाला रुमाल, तोंडात “नमो मारिया”. बाहेर माणसं जमली.

“शेठ, कुलूप काढा. पोटाला काय सांगायचं?”

“नदीवर जा आज.”

“नदीवर कसं जावं? तिथला घाटबी तुमच्याच विटांचा हाय.”

सगळे हसले. इग्नासनं थापी ठेवली, धावत घाटावर गेला आणि पायऱ्या तपासून आला. घाटाच्या विटा साध्या होत्या. तो पुन्हा आत जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत एकही क्रूस दिसायचा राहिला नाही.

हसू मलाही आलं होतं. पण रंगनाथच्या हातातून गिलाव्याचं घमेलं घेताना इग्नासनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही, ते मी विसरलो नाही. आपला क्रूस भलत्या जागी आहे हे त्याला एक दिवस सहन झालं नाही. मी भलत्या जागी होतो ते त्याला रोज चाललं.

त्यानंतर बाजारच्या विटांसाठी त्यानं दुसरे साचे केले. मी फक्त देवाच्या कामाला. एरवी शेडमध्ये येशूच्या तसबिरीखाली टांगलेला.

१९९६च्या वैशाखात रंगनाथनं दुसऱ्यांदा मागितलं. गोरक्षनं बांधलेल्या घराची मागची भिंत पडली होती. वीट त्याच मापाची हवी. त्यानं मला कायमचं मागितलंच नाही. पंधरा दिवसांसाठी मागितलं. स्वतःचा साचा, पंधरा दिवस, उसना.

शेडमध्ये इतर माणसं होती. इग्नास खुर्चीत बसला होता.

“अरे, क्रूसाच्या विटा तुज्या घराला? भावकी काय म्हनंल? उद्या म्हनतील रंगनाथ बाटला.”

“क्रूस आत घालीन. दिसायचा न्हाई.”

“भिंतीत क्रूस गाडनार? न्हाई जमायचं रंगनाथ. टेम्पोभर साध्या विटा घेऊन जा. फुकट. माज्याकडनं.”

“फुकट नको,” रंगनाथ म्हणाला. त्यानं साध्या विटा विकत घेतल्या. भिंत बांधली. जुन्या भिंतीपाशी ती बोटभर आत राहिली, आणि त्या खोबणीत दर पावसाळ्यात पाणी मुरतं, असं चांगुणा शेडवर येऊन सगळ्यांसमोर सांगून गेली. ओरडून सांगितलं नाही. विटा रचता रचता सांगितलं. इग्नासला ऐकू गेलं. त्यानं दुसऱ्या दिवशी सिमेंटची एक गोणी पाठवली. ती गोणी चांगुणेनं परत पाठवली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी दुसऱ्याची वस्तू असेल, तर ती उठून देऊन या. सांगायला लाज वाटते इतकी साधी गोष्ट आहे. पण इग्नासनं दर महिन्याला फादरपुढं पापनिवेदन केलं, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या जिभेवर आली असेल असं मला वाटत नाही. ज्याला तो पाप समजत नव्हता ते सांगणार कसा?

२००९ साली विजयमाला आजारी पडली. नगरच्या दवाखान्यात पाच आठवडे. इग्नास तिच्या खाटेखाली जमिनीवर झोपला, तिचं तोंड धुतलं, केस विंचरले, वेणी घातली. वेणी वाकडी यायची असं पंकजा सांगते. भट्टीकडं तो फिरकला नाही. बायको वाचली तर चर्चच्या आवारात मारियेच्या मूर्तीसाठी गुहा बांधीन आणि तिच्या हजार विटा स्वतः पाडीन, असा त्यानं नवस केला. ती वाचली. पन्नाशी ओलांडलेला शेठ अनवाणी चिखलात उतरला आणि मला हातात घेतलं. नऊ दिवस. हाताला फोड आले, फुटले, माझ्या कडांना रक्त लागलं. हजार विटा सरळ आल्या. हे मी लपवणार नाही.

पण हेही लपवणार नाही. देवाचं देणं त्यानं माझ्याकडून फेडून घेतलं. शेजारी रंगनाथ चिखल मळून देत होता. त्याचं देणं तसंच राहिलं.

पुढं राखेच्या विटांचं मशीन आलं. हाताची वीट संपली. रंगनाथचे गुडघे गेले, तो घरी बसला. इग्नासनं त्याला दर नाताळात केक आणि घोंगडी पाठवली, स्वतः नेऊन दिली, अंगणात बसून चहा प्यायला. मला मात्र त्यानं काचेच्या कपाटात ठेवलं, दिवाणखान्यात, दोन बल्बांच्या उजेडात. पाहुणे आले की सांगायचा, “ह्या साच्यावर हे घर उभं हाय.” खरंच बोलत होता. साचा कुणाचा, एवढंच सांगायचं राहायचं. विजयमाला दर शनिवारी कपाट उघडून मला पुसायची. तिचा हात क्रूसाच्या खिळ्यांपाशी जरा थांबायचा.

यंदा, २०२५च्या जानेवारीत, इग्नास गेला. शेवटच्या आठवड्यात फादर घरी आले, त्याला अंतिम संस्काराचं तेल लावलं. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, दार लोटलं. आत तो काय बोलला ते फादरना आणि देवाला ठाऊक. दार उघडल्यावर माझ्याकडं कुणी आलं नाही. त्याच्या मातीला तालुका लोटला होता.

महिन्याची मिस्सा फेब्रुवारीत ठरली. अशा मिस्सेत एक रीत आहे. भाकर आणि द्राक्षारस वेदीकडं नेतात तेव्हा घरचे लोक गेलेल्या माणसाच्या वस्तूही मिरवत नेऊन अर्पण करतात. चष्मा, जपमाळ, हत्यारं. कल्याणनं मला न्यायचं ठरवलं. त्यानं चिठ्ठीही लिहिली, पंकजानं माइकवर वाचायला. ‘हा साचा आमच्या पप्पांनी स्वतःच्या हातांनी बनवला आणि त्यावर आपला संसार उभा केला.’ कल्याण वाईट पोरगा नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं.

मला उचलायला त्यानं माणूसही चांगला निवडला. आदल्या दिवशी दुपारी तो रंगनाथला गाडीत घालून घरी घेऊन आला. रंगनाथ काठी टेकत कपाटासमोर उभा राहिला. किती वर्षांनी आम्ही एकमेकांना पाहत होतो.

“काका, साचा तुम्ही न्यायचा उद्या. पप्पांचे सगळ्यात जुने माणूस तुम्ही. वेदीपाशी नेऊन फादरच्या हातात द्यायचा.”

रंगनाथनं मान हलवली. “मी न्हाई नेनार.”

“का? पाय दुखतात का? व्हीलचेअर आहे.”

“पायाचं न्हाई. एकदा दिलाय मी त्यो. एकच वस्तू दोनदा कशी देऊ?”

कल्याणला कळलं नाही. त्यानं विजयमालाकडं पाहिलं. ती सोफ्यावर बसली होती, हातात जपमाळ होती. तिनं जपमाळ खाली ठेवली.

“तो भाऊजींचा आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“साचा. भाऊजींच्या वडलांचा. तुझ्या पप्पांनी एका हंगामासाठी उसना आणला होता. मी चहा करत होते तेव्हा.”

“मम्मी, पप्पा असं करणार नाहीत.”

“केलं. मीच विचारलं होतं कधी द्यायचा म्हणून. मग परत विचारलं नाही. अडतीस वर्षं झाली. नुसता पुसत बसले.”

कल्याणचा चेहरा उतरला. तो रंगनाथला म्हणाला, “काका, तुम्ही बोलला का नाहीत कधी?”

“दोनदा बोल्लो,” रंगनाथ म्हणाला. “तिसऱ्यांदा मागायला मी काय भिकारी हाय?”

तो काठी उचलून निघाला. कल्याण त्याला सोडायला गेला. गाडीत दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर कल्याण आईला म्हणाला, “आता उद्या काय करायचं? मिस्सेच्या पत्रिकेत साच्याचं छापलंय. लोकांना काय सांगायचं?”

“काही सांगू नको.”

“आणि ती चिठ्ठी?”

“देवापुढं खोटं वाचायचं आहे का तुला? दे इकडं.” तिनं चिठ्ठी घेतली, चार घड्या करून ब्लाउजमध्ये खोचली. मग म्हणाली, “पक्कड आण.”

तिनं मला मांडीवर घेतलं. चष्मा लावला. पहिला खिळा गंजलेला होता, निघेना. कल्याण म्हणाला, मी काढतो. ती म्हणाली, नको, माझ्या हातानं होऊ दे. तिनं एकेक करून चारही खिळे काढले. पत्र्याचा क्रूस सुटला. तिनं त्याचं चुंबन घेतलं, पदरानं पुसला आणि पंकजाच्या हातात दिला. “हा पप्पांचा,” ती म्हणाली. “हा उद्या तू ने.”

माझ्या तळाला चार भोकं राहिली. मला हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. नागडं वाटलं.

रविवारी सकाळी चर्च भरलं. ज्यांनी इग्नासकडून घर बांधलं ते, ज्यांच्या पोरींच्या लग्नाला त्यानं मंडप दिला ते, मिशनचे लोक, कारखान्याचे लोक, कोपरगावचे व्याही. प्रवचनात फादर त्याच्याबद्दल चांगलंच बोलले. पुढच्या बाकांवर बायका डोळे पुसत होत्या. मी मागच्या दाराशी एका टेबलावर होतो, चष्म्याच्या आणि जपमाळेच्या शेजारी. रंगनाथ सगळ्यात मागच्या बाकावर कडेला बसला होता, चांगुणेबरोबर. मिस्सा त्यांना येत नाही. लोक उठले की उठायचे, बसले की बसायचे.

गाणं सुरू झालं. घरचे लोक रांगेत उभे राहिले. पुढं नातवंडं भाकर आणि द्राक्षारस घेऊन, मग कल्याण चष्मा आणि जपमाळ घेऊन, मग पंकजा क्रूस घेऊन. शेवटी विजयमालानं मला उचललं. माइकवर कुणी काही वाचलं नाही.

रांग चालायला लागली. विजयमाला दोन पावलं चालली आणि मागच्या बाकापाशी थांबली. पुढची माणसं वेदीकडं जात राहिली, गाणं चालू राहिलं. दोन-चार डोकी वळली.

तिनं वाकून मला रंगनाथच्या मांडीवर ठेवलं.

रंगनाथनं मला उलटं केलं. तळावरून अंगठा फिरवला, चारही भोकं चाचपली. मग दोन्ही हातांनी मला धरलं.

“पोचला,” तो म्हणाला.

विजयमालानं मान हलवली आणि रिकाम्या हातांनी रांगेमागं चालत गेली.